स्लॉटचा मंजूर भार : जालना जिल्ह्यातील संगणक व्यावसायिकांचे मागणीपत्र

प्रति,
मा. सचिव, इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालय, नवी दिल्ली
मा. सचिव, ग्राहक व्यवहार विभाग, नवी दिल्ली
मा. महासंचालक, भारतीय मानक ब्युरो, नवी दिल्ली
ग्राफिक्स कार्ड व मदरबोर्ड बनवणाऱ्या, आयात करणाऱ्या आणि भारतात विकणाऱ्या सर्व कंपन्या
मार्फत : मा. जिल्हाधिकारी, जालना

विषय : ग्राफिक्स कार्ड मदरबोर्डच्या स्लॉटमधून किती वीज ओढते ते जाहीर करणे, तपासणे आणि त्यातून होणाऱ्या नुकसानीची जबाबदारी ठरवणे.

महोदय,

वीज मोजून वापरायला जालन्याला कुणी शिकवावे लागत नाही. इथल्या औद्योगिक वसाहतीत सळईचे कारखाने आणि लोखंड वितळवणाऱ्या भट्ट्या आहेत. त्यांच्या वीजजोडणीला करार मागणीचा आकडा ठरलेला असतो. महिन्यातली सर्वोच्च मागणी मीटर टिपून ठेवतो आणि आकडा ओलांडला की बिलात जादा दराची आकारणी येते. कारखानदार कुरकुरतो, पण आकडा आधी लिहिलेला असतो आणि मीटर दोघांच्या डोळ्यांसमोर असतो, त्यामुळे भांडण फार लांबत नाही. मदरबोर्डावर ग्राफिक्स कार्ड बसवायचा जो स्लॉट असतो, त्याचाही असाच मंजूर भार ठरलेला आहे. तिथे मात्र मीटर नाही. भार ओलांडतो एक आणि भुर्दंड भरतो भलताच.

आम्ही जालना, बदनापूर, भोकरदन, जाफराबाद, अंबड, घनसावंगी, परतूर आणि मंठा या आठ तालुक्यांत संगणक जोडून विकणारे आणि दुरुस्त करणारे. आमच्याबरोबर सह्या करणाऱ्यांत लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारे स्टुडिओवाले आहेत, फ्लेक्स आणि पाकिटांचे डिझाइन करणारे आहेत, कारखान्यांची ड्रॉइंग काढून देणारे आणि गेमिंग कॅफे चालवणारे आहेत. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली इथे महिको सुरू केली, तेव्हापासून जालना बियाण्यांचे गाव झाले. बियाण्याची जाहिरात, पिशवी, पत्रक हा आमच्यातल्या अनेकांचा मे महिन्यातला धंदा. लग्नसराईही तेव्हाच. म्हणजे ज्या महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जातो, त्याच महिन्यात आमची कार्डे रात्ररात्र पूर्ण भाराने चालतात. ग्राफिक्स कार्ड म्हणजे पोरांचे खेळणे, असे कुणाला वाटत असेल तर त्याने एकदा मे महिन्यात आमच्या दुकानात येऊन बसावे.

आधी मंजूर भाराचा आकडा सांगतो, कारण सगळा वाद त्यावरच आहे.

पीसीआय एक्सप्रेस हे स्लॉटचे मानक पीसीआय-सिग ही कंपन्यांची जागतिक संस्था ठरवते. त्यानुसार पूर्ण लांबीच्या ग्राफिक्स स्लॉटमधून कार्डाने जास्तीत जास्त ७५ वॅट घ्यायचे. पण हे ७५ एकाच वाटेने येत नाहीत. १२ व्होल्टच्या वाटेने ५.५ अँपिअर, म्हणजे ६६ वॅट, ३.३ व्होल्टच्या वाटेने ३ अँपिअर, म्हणजे ९.९ वॅट. कार्डाचे मुख्य काम १२ व्होल्टवर चालते, त्यामुळे खरी मर्यादा ६६ ची आहे. ७५ चा आकडा ऐकून निश्चिंत होणारा माणूस तिथेच फसतो. त्या ६६ वॅटसाठी स्लॉटमध्ये पाच संपर्क असतात, प्रत्येकाच्या वाट्याला १.१ अँपिअर. कार्डाला याहून जास्त हवे असेल तर ते एसएमपीएसच्या, म्हणजे संगणकाच्या वीजपुरवठा पेटीच्या, तारेतून थेट घ्यायचे : सहा पिनांच्या तारेतून ७५ वॅट, आठ पिनांच्या तारेतून १५०.

स्लॉटची वीज येते कुठून? एसएमपीएसच्या चोवीस पिनांच्या प्लगमधल्या दोन पिवळ्या तारा १२ व्होल्ट घेऊन बोर्डात शिरतात. तिथून तांब्याच्या पातळ थरातून ती स्लॉटपर्यंत जाते. बोर्डावरच्या पंख्यांचा भारही सहसा त्याच दोन तारांवर. संपर्काच्या जागी होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. साडेपाचऐवजी सात अँपिअर ओढले तर प्रवाह सत्तावीस टक्क्यांनी वाढतो, पण उष्णता बासष्ट टक्क्यांनी. सेकंदाच्या हजाराव्या भागापुरत्या उसळीबद्दल आमची तक्रार नाही. ती सगळ्याच कार्डांत असते आणि तेवढ्यात तांबे तापत नाही. तक्रार आहे ती तासन्‌तास टिकणाऱ्या सरासरीबद्दल.

आता २०१६ ची गोष्ट. त्या वर्षी २९ जूनला एएमडी कंपनीने रेडियॉन आरएक्स ४८० हे कार्ड बाजारात आणले. अमेरिकेत त्याची किंमत दोनशे डॉलरपासून सुरू होत होती, जाहीर भार १५० वॅटचा होता आणि बाहेरच्या विजेसाठी सहा पिनांचा एकच प्लग होता. कागदावर हिशेब जुळत होता : ७५ स्लॉटमधून, ७५ तारेतून. जुळत होता, पण शिल्लक काहीच नव्हती. टॉम्स हार्डवेअर आणि पीसी पर्स्पेक्टिव्ह यांच्या परीक्षकांनी स्लॉटमधला आणि तारेतला प्रवाह वेगवेगळा मोजला. तेव्हा दिसले की पूर्ण भारात कार्ड एकूण दीडशेच्या पुढे जाते आणि स्लॉटच्या १२ व्होल्टवर साडेपाचची मर्यादा ओलांडून सातच्या आसपास अँपिअर ओढते. कार्डावर वीज पुरवणाऱ्या सहा फेज होत्या. त्यांतल्या तीन स्लॉटवर बांधलेल्या, तीन तारेवर. भार निम्मा-निम्मा वाटला जात होता, त्यामुळे एकूण वाढला की स्लॉटचा वाटाही वाढायचा.

कार्डाने पीसीआय-सिगची चाचणी पार केली आहे, असे कंपनीने सांगितले. ते खरे मानायला आमची हरकत नाही. उलट आमचा मुद्दा त्यातच आहे : चाचणी पार केलेले कार्ड प्रत्यक्ष कामात मर्यादा ओलांडू शकते. मग ७ जुलैला, म्हणजे आठवड्याभरात, कंपनीने क्रिमसन १६.७.१ हा ड्रायव्हर दिला. त्यात भाराचा वाटा स्लॉटकडून तारेकडे सरकवला होता, आणि शिवाय एकूण भार कमी करणारी एक वेगळी सोय दिली होती, जी ग्राहकाने स्वतः सुरू करायची. यामुळे सहा पिनांच्या तारेवर कागदावरच्या ७५ पेक्षा जास्त भार पडू लागला. पण त्या प्लगच्या जाड पिना तो सोसतात, स्लॉटचे बारीक संपर्क सोसतीलच असे नाही. निर्णय योग्य होता, असे आमचे कारागीर म्हणून मत आहे.

त्या कार्डाने गावोगाव बोर्ड जाळले, असा आमचा दावा नाही. चांगल्या बोर्डांनी तो भार पेलला. पण त्या आठवड्याने एक गोष्ट कायमची सिद्ध केली. स्लॉटमधून किती ओढायचे आणि तारेतून किती, हे कंपनीच्या हातात असते, आणि ते कंपनीला आठवड्याभरात बदलता येते. जे बदलता येते ते छापताही येते. आणि मोजले कुणी? कुठल्या सरकारी प्रयोगशाळेने नाही, तर पत्रकारांनी. त्यांनी मोजले नसते तर तो ड्रायव्हर त्या आठवड्यात आला असता का, याचे उत्तर कंपन्यांनीच द्यावे.

पुढे मोठ्या कार्डांनी स्लॉटवरचा भार कमी केला आणि दुखणे तारेच्या टोकाला गेले. एनव्हिडियाचे आरटीएक्स ४०९० ऑक्टोबर २०२२ मध्ये आले. ४५० वॅटचे कार्ड आणि ६०० वॅटपर्यंत पेलणारा सोळा पिनांचा नवा प्लग. महिना संपायच्या आत वितळलेल्या प्लगचे फोटो जगभर फिरले. प्लग पूर्ण आत खोचला गेला नव्हता, असे कंपनीने तपासाअंती सांगितले. असेल. पण मग २०२३ मध्ये मानकातला प्लगच सुधारला गेला. अर्धवट खोचलेला असताना वीज चालू राहू नये म्हणून त्यातल्या बारीक पिना आखूड केल्या. वापरणाऱ्यावर खापर फोडून झाल्यावर वस्तू सुधारायची, ही रीत आमच्या ओळखीची आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये केबलमॉड कंपनीचे त्याच प्लगचे सुमारे २५,३०० कोन-अडॅप्टर अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगामार्फत परत बोलावले गेले. ते परत घेतले गेले, पैसे परत मिळाले. या वाक्यासाठीच ही हकिगत इथे दिली आहे.

आमच्या जिल्ह्यात ४०९० फारशी दिसत नाहीत. आमच्याकडे चालतात ती बाहेरून तार न घेणारी स्वस्त कार्डे : २०१६ चे जीटीएक्स १०५० टीआय, २०१९ चे जीटीएक्स १६५०, अलीकडचे सहा जीबीचे आरटीएक्स ३०५०. पहिल्या दोघांचा जाहीर भार ७५ वॅट, तिसऱ्याचा ७०. तारेचा प्लग नसलेल्या मॉडेलात हा सगळा भार स्लॉटवरच. ही कार्डे वाईट नाहीत. उलट याच पैशात दुसरे काही सुचवणे कठीण. पण ती बसतात कशात, ते पाहा. मुंबई, पुणे, बंगळूरच्या कंपन्यांनी भाडेकरार संपल्यावर मोडीत काढलेले छोटे ब्रँडेड डेस्कटॉप घाऊक भावाने इथवर येतात. काहींच्या माहितीपुस्तिकेत स्लॉटची मर्यादा २५ किंवा ३५ वॅट लिहिलेली असते. मानकही असेच सांगते की कार्डाने सुरुवातीला २५ वॅटमध्ये राहायचे आणि यंत्रणेने परवानगी दिल्यावरच ७५ पर्यंत जायचे. पण स्लॉटचा आकार सगळीकडे सारखाच. ग्राहक विचारतो, ‘भाऊ, कार्ड बसतंय ना? मग झालं!’ बसणे आणि पेलणे यांतला फरक त्याला सांगायला आमच्या हातात छापील कागद नसतो. पुस्तिका इंग्रजीत, इंटरनेटवर, तिसाव्या-चाळिसाव्या पानावर, आणि जुन्या मॉडेलची तर तीही सापडत नाही.

दुसरा ओघ आला सप्टेंबर २०२२ नंतर. त्या महिन्याच्या १५ तारखेला इथेरियम या आभासी चलनाची व्यवस्था बदलली, ग्राफिक्स कार्डांवर इथर काढण्याचा धंदा बसला, आणि दोन-दोन वर्षे अहोरात्र चाललेली कार्डे सेकंडहँड बाजारात उतरली. त्यांच्याबरोबर आले कार्ड बोर्डापासून दूर बसवणारे रायझर आणि हार्ड डिस्कच्या साटा प्लगमधून कार्डाला वीज देणारी साटा-टू-सहा-पिन नावाची एक घातक काडी. साटाच्या प्लगची १२ व्होल्टवरची क्षमता साडेचार अँपिअर, म्हणजे ५४ वॅट. त्याला सहा पिनांचे तोंड जोडले की कार्डाला वाटते ७५ मिळणार. काडी वितळते, कधी एसएमपीएसची तारही घेऊन जाते. ही वस्तू आजही ऑनलाइन दुकानांत चिल्लर भावात मिळते आणि तिच्यावर एकही आकडा छापलेला नसतो.

या सगळ्याचा शेवट आमच्या काउंटरवर होतो. डिस्प्ले येत नाही म्हणून मशीन येते. उघडून पाहिले तर स्लॉटच्या सुरुवातीचे संपर्क काळे, किंवा चोवीस पिनांच्या प्लगमध्ये पिवळ्या तारेभोवती प्लास्टिक तपकिरी. कार्ड वॉरंटीत, बोर्डही वॉरंटीत. जालन्यात बहुतेक कंपन्यांचे सेवा केंद्र नाही. छत्रपती संभाजीनगर साठ किलोमीटर, नाहीतर कुरिअरने पुणे-मुंबई. कार्डवाले म्हणतात बोर्डाचा दोष. बोर्डवाले जळाल्याची खूण पाहतात आणि ‘फिजिकल डॅमेज’ असा शेरा मारून माल परत पाठवतात. दोघांचे एका गोष्टीवर मात्र एकमत असते : तुमच्याकडे व्होल्टेज खराब आहे.

व्होल्टेजबद्दल थोडे सविस्तर बोलू, कारण मराठवाड्यातल्या ग्राहकाचे तोंड बंद करायला हे कारण फार सोयीचे आहे. आमच्या खेड्यांत वीज वर-खाली होते, हे खरे. त्यापायी यंत्रे जातात, हेही खरे. पण बाहेरून आलेला झटका आधी एसएमपीएसच्या दारातच मार देतो. तिथला फ्यूज उडतो, व्हॅरिस्टर फुटतो. एसएमपीएस धडधाकट असताना फक्त स्लॉटचे १२ व्होल्टचे संपर्क काळे पडले असतील तर कारण बाहेर शोधू नये. सैल बसलेल्या किंवा गंज धरलेल्या संपर्कानेही काळेपणा येतो, हे आम्ही जाणतो. म्हणूनच आमची पहिली मागणी दोष मान्य करा अशी नाही, मोजा आणि लिहा अशी आहे.

मागण्या

१. फोड छापा. ग्राफिक्स कार्डाच्या खोक्यावर फक्त एकूण वॅट न लिहिता, पूर्ण आणि सलग भारात स्लॉटच्या १२ व्होल्टवर किती अँपिअर, ३.३ व्होल्टवर किती, आणि प्रत्येक तारेतून किती, हे छापावे. आकडा त्या खोक्यातल्या मॉडेलचा असावा, नुसत्या चिपचा नको. कारखान्यातूनच वेग वाढवून विकलेल्या मॉडेलचा भार मूळ चिपपेक्षा वेगळा असतो. मदरबोर्ड आणि ब्रँडेड डेस्कटॉपवर स्लॉट किती देऊ शकतो ते छापावे. सेकंडहँड म्हणून विकल्या जाणाऱ्या डेस्कटॉपवर ही ओळ पेटीच्या मागे स्टिकरवर हवी, कारण खोके तोवर राहत नाही. २०११ च्या वैधमापन आवेष्टित वस्तू नियमांनुसार आयातदाराचे नाव, पत्ता, किंमत खोक्यावर छापावी लागतेच. त्याच लेबलावर आणखी एक ओळ मावेल. देवनागरीत असेल तर आणखी चांगले.

२. बाजारातून उचलून तपासा. सक्तीच्या नोंदणी आदेशामुळे संगणक, अडॅप्टर, यूपीएस यांना मानक ब्युरोची नोंदणी लागते. तिथली तपासणी विजेचा धक्का, आग, तापमान यांची आहे. कार्ड आणि बोर्ड या दोन वेगळ्या कंपन्यांच्या वस्तू एकमेकींशी कशा वागतात, हे त्यात तपासले जात नाही. सुट्या ग्राफिक्स कार्डाला आणि मदरबोर्डाला त्या यादीत स्वतंत्र स्थान द्यावे आणि स्लॉटचा प्रवाह ही एक कसोटी ठेवावी. मंत्रालयाच्या एसटीक्यूसी विभागाच्या प्रयोगशाळा मुंबईत आणि पुण्यात आहेतच. नमुना कंपनीने पाठवलेला नको, दुकानातून विकत घेतलेला हवा. चाचणी वातानुकूलित खोलीत दहा मिनिटांची नको; किमान अर्धा तास, चाळीसच्या वर तापमानात. निकाल मॉडेलच्या नावासह सर्वांसाठी जाहीर व्हावेत.

३. कार्डातच मीटर बसवा. ही मागणी ऐकून काही जण हसतील, म्हणून सांगतो की मीटर बऱ्याच कार्डांत आधीच आहे. एनव्हिडियाच्या अनेक नव्या कार्डांवर जीपीयू-झेडसारखे मोफत सॉफ्टवेअर उघडले की स्लॉटमधून येणारे वॅट आणि तारेतून येणारे वॅट वेगवेगळे दिसतात. म्हणजे मोजणारा भाग कार्डावर सोल्डर झालेला आहे, त्याचे पैसे ग्राहकाने भरलेले आहेत, त्यावर अठरा टक्के जीएसटीही दिला आहे. मग तो भाग प्रत्येक कार्डात असावा आणि त्याने तीन कामे करावीत. स्लॉटचा आकडा उघड दाखवावा. १२ व्होल्टवर सरासरी ६६ वॅट ओलांडायला लागली की वेग आपोआप उतरवावा, आणि ही मर्यादा मुळातच चालू असावी. २०१६ मधल्यासारखी ग्राहकाने शोधून सुरू करायची सोय नको. तिसरे काम आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटते : कार्डाच्या आयुष्यात स्लॉटवर टिकून राहिलेली सर्वोच्च मागणी कार्डाच्या स्मृतीत नोंदवली जावी, जशी कारखान्याच्या मीटरमध्ये नोंदवली जाते. जुने कार्ड विकत घेणाऱ्याला ती वाचता येईल, वॉरंटीचा वाद झाला तर कंपनीलाही वाचता येईल, आणि कुणी छोट्या डेस्कटॉपमध्ये भलते कार्ड कोंबले असेल तर ती चूक ग्राहकाची किंवा आमची आहे, हेही त्यातून दिसेल. आम्हाला त्याची भीती नाही.

४. वॉरंटीत ग्राहकाचा चेंडू करू नका. स्लॉटच्या १२ व्होल्टच्या संपर्कावर किंवा चोवीस पिनांच्या प्लगवर जळाल्याची खूण असेल तर नुसत्या ‘फिजिकल डॅमेज’ शेऱ्याने दावा फेटाळता येऊ नये. ज्या कंपनीला दावा नाकारायचा आहे तिने मोजणीचा लेखी अहवाल पंधरा दिवसांत द्यावा. कार्ड एका कंपनीचे आणि बोर्ड दुसऱ्या कंपनीचे असेल आणि दोन्ही वॉरंटीत असतील, तर वाद मिटेपर्यंत ग्राहकाला थांबवू नये. दोघांनी निम्मा खर्च उचलावा आणि नंतर आपसात हिशेब करावा.

इथे आमचाही स्वार्थ आहे, तो लपवत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष वस्तूमुळे झालेल्या नुकसानीची जबाबदारी उत्पादकाबरोबर विक्रेत्यावर आणि सेवा देणाऱ्यावरही येऊ शकते. ग्राहक राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात त्याला तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला शुल्क नाही. कायदा चांगला आहे. पण कंपनी दूर राहते आणि जालन्याच्या आयोगासमोर उभा राहतो तो बिल देणारा दुकानदार, ज्याच्याकडे स्लॉटचा प्रवाह दाखवणारा एकही कागद नाही. पहिल्या तीन मागण्या मान्य झाल्या तर तो कागद आपोआप तयार होतो.

५. मानक वाचायला द्या. भारतीय मानके आज ब्युरोच्या संकेतस्थळावरून मोफत उतरवून घेता येतात, ही अभिमानाची गोष्ट आहे. पीसीआय-सिगची मानके मात्र सभासद कंपन्यांसाठी आहेत. परतूरच्या कारागिराला ज्या मर्यादेवरून दोषी ठरवले जाते, ती मूळ कागदात त्याला वाचता येत नाही. ब्युरोने स्लॉट, प्लग आणि तारा यांच्या विद्युत मर्यादांचा संक्षेप मराठीसह भारतीय भाषांत प्रसिद्ध करावा. दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या पोर्टलचा लाभ मोबाइल, वाहने, शेतीची अवजारे यांच्यापुरता राहू नये. मदरबोर्डच्या वीजमार्गाचे आराखडेही तिथे मिळावेत.

६. साटा-टू-सहा-पिन आणि तसल्याच काड्यांची विक्री बंद करावी. यावर चर्चेची गरज आम्हाला दिसत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला धोकादायक वस्तू बाजारातून परत बोलावण्याचा अधिकार कायद्यानेच दिला आहे. तो इथे वापरावा, आणि ऑनलाइन विकणाऱ्यांनाही त्यातून सुटू देऊ नये.

७. मोजणीची सोय जिल्ह्यात हवी. जालन्याच्या शासकीय तंत्रनिकेतनात स्लॉट आणि तारांचा प्रवाह वेगवेगळा मोजणारे एक टेबल उभारावे. त्यासाठी लागणारी साधने महागडी नाहीत : शंट बसवलेला रायझर, नोंद ठेवणारा मीटर आणि डीसी क्लॅम्प. विद्यार्थ्यांना शिकायला मिळेल, कारागिराला ठराविक शुल्कात अहवाल मिळेल, आणि जिल्हा ग्राहक आयोगाला तज्ज्ञाचे मत साठ किलोमीटरवरून मागवावे लागणार नाही. आयटीआयमध्ये संगणक हार्डवेअर आणि नेटवर्क देखभालीचा अभ्यासक्रम आहे. त्यात विजेचा हिशेब प्रात्यक्षिकासह यावा.

८. सरकारी खरेदी. शाळा, कार्यालये, प्रशिक्षण केंद्रे यांच्या निविदांत जिथे ग्राफिक्स कार्डाची अट असते, तिथे मेमरीच्या आकड्याबरोबर स्लॉटचा भार आणि एसएमपीएसची क्षमताही मागावी.

यातली कुठलीच गोष्ट आम्ही फक्त इतरांकडून मागत नाही. या मागणीपत्रावर सही करणाऱ्या दुकानदारांनी आजपासून काही बंधने स्वीकारली आहेत. साटाची काडी कुणी विकणार नाही, ग्राहकाने हट्ट धरला तरी. तारेशिवायचे कार्ड छोट्या डेस्कटॉपमध्ये बसवण्याआधी त्या मॉडेलची स्लॉटची मर्यादा शोधली जाईल. सापडली नाही तर तसे बिलावर लिहिले जाईल. डीसी क्लॅम्प असलेला दुकानदार कार्ड बसवण्याआधी आणि बसवल्यावर चोवीस पिनांच्या पिवळ्या तारांतला प्रवाह मोजून फरक बिलावर टाकेल. ही प्रयोगशाळेची अचूकता नाही, पण साडेपाच आणि सात यांतला फरक तेवढ्याने कळतो. जळालेल्या प्रत्येक स्लॉटचा फोटो, कार्डाचे व बोर्डाचे मॉडेल, एसएमपीएसची अवस्था आणि कंपनीचे उत्तर एका ठरावीक नमुन्यात नोंदवले जाईल. ग्राहकाचे नाव त्यात नसेल. या नोंदी मंत्रालय, मानक ब्युरो किंवा कोणतीही कंपनी मागेल तेव्हा जशाच्या तशा दिल्या जातील, आमच्या विरुद्ध जाणाऱ्याही.

मागणीपत्र मिळाल्याच्या साठ दिवसांत लेखी उत्तराची अपेक्षा आहे. पहिल्या आणि सहाव्या मागणीला नवा कायदा लागत नाही, त्यामुळे त्यांबाबत तेवढ्या मुदतीत कार्यवाही व्हावी. उत्तर आले नाही तर जमलेल्या नोंदी जोडून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे एकत्रित तक्रार दाखल केली जाईल आणि तिची प्रत जिल्हा पुरवठा अधिकारी व जिल्हा ग्राहक आयोग, जालना यांना दिली जाईल. चर्चेसाठी आमचे प्रतिनिधी कोणत्याही कामाच्या दिवशी उपलब्ध आहेत. मे महिन्यात मात्र दुपारी चारनंतरची वेळ द्यावी.

आपले विश्वासू,
जालना जिल्ह्यातील संगणक विक्रेते, दुरुस्ती कारागीर, स्टुडिओ व डिझाइन व्यावसायिक यांच्या वतीने
(आठही तालुक्यांच्या सह्यांची यादी सोबत जोडली आहे.)